बरणीतला समुद्र

मामंजी,

तुमच्या तेराव्याचं सगळं आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आतल्या खोलीतून मला हाक मारली. म्हणाल्या, "यशोदे, गड्याला सांग, ती काचेची पेटी आज खाडीत रिकामी करून ये म्हणावं."

मी नाही म्हटलं.

तुम्हाला हे ऐकून नवल वाटेल. तुमच्याशी मी पुष्कळ वाद घातले, पण वाद घालायला तुम्हीच मला शिकवलंत. सासूबाईंना तोंडावर नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काळोखात भिंतीला टेकून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "घरात वास सुटलाय. मला तो सहन होत नाही."

वास सुटला होता हे खरं. सुतकात पेटीकडे बघायला कोणाला सवड नव्हती. आटलेलं पाणी मी येताजाता गोड्या पाण्यानं भरून काढत होते, पण दगडाखाली एक कोळंबी मेली होती ती मला दिसली नाही. ती कुजली आणि सगळं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. पट्ट्यापट्ट्यांचा तो चिमुकला मासा वर येऊन तोंडाची उघडमीट करत होता. शंखातला खेकडा शंखाच्या पार तळाशी जाऊन बसला होता. दोन्ही समुद्रफुलं मिटून मांसाच्या गोळ्यांसारखी दगडाला चिकटली होती. त्यातच तुमची खोली झाडताना, सामान हलवताना, कपाटातली काचेची नळी पडून फुटली. कोणाच्या हातून फुटली ते मी विचारलं नाही. दिवसकार्याच्या गर्दीत कोणाचा हात कुठे लागतो, कोणाला ठाऊक. तिचे तुकडे मी वेचले आणि पदरात धरून बराच वेळ तिथेच बसून राहिले. लोकांना वाटलं, मी तुमच्यासाठी रडतेय. तेही होतंच.

म्हणजे तुम्ही गेलात, पाणी बिघडलं, आणि पाणी तपासायचं साधनही गेलं. बाहेर पावसानं धरलेलं. आणि मी सासूबाईंना सांगून बसले होते की पेटी रिकामी होणार नाही.

ती पेटी जज्जसाहेबानं विलायतेला परत जाताना तुम्हाला दिली तेव्हा मी ह्या घरात नव्हते. पण तुमच्या तोंडून ती हकिगत मी इतक्यांदा ऐकलीय की मलाच त्या बंगल्यात गेल्यासारखं वाटतं. साहेबाच्या दिवाणखान्यात काचेमागे समुद्राचा एवढासा तुकडा, त्यात हलणारी फुलं. तुम्ही कचेरीचे कागद हातात तसेच धरून बघत उभे राहिलात. साहेबानं सांगितलं की ही फुलं नव्हेत, प्राणी आहेत, आणि मांस खातात. तुम्ही घरी येऊन जेवताना ते सांगितलंत आणि सासूबाई म्हणाल्या, "खातात तर खाऊ देत. आपल्याला काय करायचंय?" पुढे तीच पेटी हमालाच्या डोक्यावरून आपल्या दारात आली.

मी लग्न होऊन आले तेव्हा पेटीत काहीच जगत नव्हतं. पारू कोळीण खाडीच्या तोंडाकडून, भरतीचं चांगलं पाणी होडीतून आणायची. तुम्ही त्यात मासे सोडायचात आणि चार दिवसांत ते उलटे व्हायचे. सासूबाई चिंच लावून लख्ख घासलेला तांब्याचा हंडा पाणी साठवायला द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "एवढ्या स्वच्छ हंड्यातसुद्धा मरतात, म्हणजे बघा." तुम्ही ओसरीवर डोकं धरून बसायचात.

एके दिवशी तुम्ही तिथूनच, कोणाला उद्देशून तेही न सांगता, विचारलंत, "कल्हई गेलेल्या पातेल्यात आमटी ठेवली तर काय होतं?" सासूबाई देवळात गेल्या होत्या. घरात मी एकटी. दाराआडून मी म्हटलं, "कळकते."

मी तुमच्याशी बोललेला तो पहिला शब्द, मामंजी. सासऱ्याशी बोलायचा पहिला शब्द म्हणून तो काही फार शोभेचा नव्हता. पण तुम्ही ताडकन उठलात. "कळकते! अगं, मग पाणी का नाही कळकणार? खारं पाणी तर आमटीपेक्षा खारं!" आणि तसेच आत येऊन हंडा उपडा करायला लागलात.

तांब्यापितळेचं भांडं बंद झालं. मग तुमची नजर सासूबाईंच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीवर गेली आणि घरात आठ दिवस दुसरं काही बोलणंच नव्हतं. "बरणी तुम्हाला दिली तर लोणचं काय पदराला बांधून ठेवू?" असं त्या म्हणायच्या. तुम्ही म्हणायचात, "अगं, लोणचं आणि समुद्र, दोघांनाही मीठच लागतं. दोघं एका जातीचे." शेवटी कडेचा टवका उडालेली जुनी बरणी तुम्हाला मिळाली. त्या बरणीतलं पाणी घातलं आणि मासे जगले.

पुढे तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. साहेबानं पेटीबरोबर दिलेली ती नळी, खाली पाऱ्याचा फुगा आणि वर बारीक रेघांची पट्टी असलेली, जिला तुम्ही काटा म्हणायचात, पाण्यात सोडली की पाणी जितकं खारं तितकी वर उचलली जायची. पण ती कुठल्या रेघेवर थांबली ते तुम्हाला दिसेना. तुम्ही मला हाक मारलीत. "मुली, इकडे ये. काटा कुठवर बुडालाय बघ." सासूबाई मध्ये आल्या, "बाहेरच्या खोलीत सून उभी करणार? कोणी आलं-गेलं तर?" तुम्ही म्हणालात, "मग तू ये." त्या म्हणाल्या, "मी नाही त्या माशांच्या पाण्याशी येणार." "मग ती येईल," असं म्हणून तुम्ही विषय संपवलात.

मला आकडे येत नव्हते. ते त्या नळीवर शिकले. आकड्यांमागून अक्षरं आली. आज हे मी तुम्हाला लिहू शकतेय, त्याची सुरुवात त्या पाण्यात झाली.

पहिल्या उन्हाळ्यात मी तुम्हाला विचारलं होतं की खारं पाणी आटलं तर त्यात गोडं का घालायचं, खाऱ्यात खारं का नाही. मला एक वाटी खारं पाणी उन्हात ठेवायला लावलंत. संध्याकाळी वाटीच्या तळाशी पांढरी खरड उरली. "आता सांग," तुम्ही म्हणालात. "पाणी उडालं, मीठ इथेच राहिलं," मी म्हटलं. "मग जे उडालं तेच परत द्यायचं." आणखी एकदा मी तुम्हाला सांगितलं की हीच नळी दुपारी जास्त बुडते आणि सकाळी कमी, पाणी तर तेच. तुम्हाला खरं वाटेना. भर दुपारी उन्हात उठून, डोळे काचेला लावून, तुम्ही स्वतः बघितलंत. मग इतके खूश झालात की मला पुन्हा पुन्हा तेच करायला लावलंत. ऊन लागलं की पाणी पातळ होतं, म्हणून तपासायचं ते सकाळीच, गारव्यात, हे तेव्हा ठरलं.

कल्याणला माहेरी गेले की मी येताना तिथल्या खाडीचं पाणी बाटलीत भरून आणायची, आठवतं? आई म्हणायची, लोकांच्या मुली माहेराहून लोणची-पापड नेतात. ते पाणी आपण नळीनं तपासायचो आणि ठाण्याच्या पाण्याशी ताडून बघायचो. कल्याणच्या पाण्यात नळी पार गळ्यापर्यंत बुडायची. "तुझ्या माहेरचं पाणी गोड आहे हो," तुम्ही म्हणायचात, आणि सासूबाईंनासुद्धा हसू यायचं.

आपला खरा वाद मात्र एकच होता आणि तो अजून तुटलेला नाही. तुमचं म्हणणं असं, की माणसाला समुद्राचं पाणी करता येत नाही. साहेबानं दिलेल्या इंग्रजी पुस्तकात त्याची कृती होती. तुम्ही ती मला मराठीत करून सांगितलीत, तीही चेष्टेनं, जशी एखाद्याची फजिती सांगावी तशी. इतकं मीठ, इतकं जुलाबाचं विलायती मीठ, पाण्यात विरघळवायचं, राहू द्यायचं, हलवायचं. "म्हणे समुद्र! मिठाचं पाणी ते. समुद्र समुद्रच करतो." मी म्हणायची, पाण्यात काय काय आहे ते कळलं तर ते सगळं घालता का येऊ नये? तुम्ही म्हणायचात, "तू समुद्र पाहिलेला नाहीस, मुली. म्हणून असं बोलतेस." ते खरंच होतं. मी खाडी पाहिलीय, समुद्र अजूनही पाहिलेला नाही. मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठे रोज जाता? तुम्हीही पेटीतच बघता." तुम्ही खो खो हसलात. पण मत काही बदललं नाहीत.

त्या शिपायाची गोष्ट मात्र मला एकटीला आठवून हसायची सवय करून घ्यायला हवी. कोणीतरी चुगली केली होती की आपल्या घरी खाडीचं पाणी येतं, बरणीत साठवतात, म्हणजे चोरून मीठ पिकवतात. सरकारची परवानगी नसताना मीठ काढलं तर काय होतं ते ठाण्यात कोणाला सांगायला नको. एक मिशाळ शिपाई सकाळीच दारात उभा राहिला. हे कल्याणच्या कचेरीत निघायच्या घाईत होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला. सासूबाईंनी देवापुढे हात जोडले. तुम्ही शांतपणे त्याला आत बोलावलंत.

त्यानं बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं. "खारंच हाय, रावसाहेब."

"खारं असायलाच हवं. गोडं केलं तर मरतील."

"कोण मरतील?"

तुम्ही त्याला पेटीपुढे बसवलंत आणि मला कोळंबीचा तुकडा आणायला सांगितलंत. काडीच्या टोकाला लावून तो मी लाल फुलाच्या पाकळ्यांशी नेला. पाकळ्या हलल्या, त्यांनी तुकडा धरला, आणि फूल हळूहळू त्याच्यावर मिटलं. शिपाई मागे सरकून भिंतीला लागला. "आयला, खाल्लंन की!" मग त्यानं दुसऱ्या फुलालाही खायला घाला म्हणून गळ घातली. जाताना म्हणाला, "सायबाला सांगतो, मीठ नाय, जनावरं हायत." पुढच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन आला. सासूबाईंनी तिला हळदीकुंकू दिलं. ती गेल्यावर तुम्हाला म्हणाल्या, "एवढ्यावर निभावलं. पुन्हा सरकार दारात आलं तर मी माहेरी जाईन." तुम्ही म्हणालात, "जाताना बरणी ठेवून जा."

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा उन्हाळा संपत आला होता. त्या दिवसांविषयी मी लिहीत नाही. एवढंच लिहिते, की तुम्ही रोज सकाळी विचारायचात, "काटा कुठे?" आणि मी सांगायची. शेवटी तुमचा आवाज फुटेनासा झाला, नुसते ओठ हलायचे. तरी मी सांगायची.

आता पुढचं ऐका.

सासूबाईंना नाही म्हटलं त्याच सकाळी मी पारूला बोलावणं धाडलं. ती डोक्यावर इरलं घेऊन भिजत आली, तुमच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली आणि आधी पोटभर रडली. तुम्ही तिला कधी पाणीवाली म्हणाला नाहीत, नावानं हाक मारायचात, ते तिनं मला चारदा सांगितलं. मग मी पाण्याचं विचारलं.

"आता खारा पानी कुठशी आनू, बाय? खाडी समदी गोडी झायली, नुसता चिखल. नारली पुनवेशिवाय आमची होडी भायेर जायची नाय."

नारळी पौर्णिमा अजून किती लांब. मासा तर उद्याचा दिवस काढील की नाही अशी अवस्था.

तेव्हा मी ठरवलं की समुद्र करायचा. तुम्ही ज्या कृतीची चेष्टा केलीत ती मला पाठ होती. ती तुम्ही इतक्यांदा हसत हसत सांगितली होतीत, की मला एक शब्द कोणाला विचारावा लागला नाही.

संध्याकाळी हे कल्याणहून आले तेव्हा मी त्यांच्याकडे जुलाबाचं मीठ मागितलं. तुमचे चिरंजीव कसे आहेत, तुम्हाला माहीतच आहे. कमी बोलतात. त्यांनी मला विचारलं, "आईला चालणार आहे का हे?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी बराच वेळ पाय धुतले. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या दवाखान्यातून पुडी घेऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टरांनी विचारलं, घरात इतक्या जणांचं पोट बिघडलंय का. मी हो म्हटलं."

दुसरं मीठ घरातच होतं. बाजारात पांढरं, धुतलेलं मीठ मिळतं, पण तुम्ही म्हणायचात की ते साफ करताना त्यातला निम्मा समुद्र वाहून जातो. मिठागरातलं करडं, कडवट मीठ, जे पावसाळ्यात आपोआप पाझरतं आणि ज्याच्या नावानं सासूबाई दरसाल बोटं मोडतात, तेच मी घेतलं. आपल्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून अंगणात स्वच्छ धोतर ताणून पावसाचं पाणी धरलं. बरणीत सगळं कालवलं, लाकडी डावानं ढवळलं, जुन्या लुगड्याच्या घडीतून गाळलं. तळाशी चिखल बसला तो टाकला, आणि पुन्हा ढवळलं. हात चरचरत होते. ताजं कालवलेलं पाणी बोचरं असतं, ते मुरू द्यावं लागतं, हेही तुम्हीच सांगितलं होतं. मुरेपर्यंत पेटीतलं कुजकं पाणी मी थोडं थोडं गाळून परत ओतत राहिले, आणि बांबूच्या पिचकारीनं त्यात हवा मारत राहिले. खांदे भरून यायचे. पण मासा जगत होता.

पाणी मुरलं. आता ते किती खारं आहे हे कळायला हवं होतं, आणि नळी तर फुटलेली. जिभेवर माझा विश्वास नव्हता. जिभेला आमटीचं मीठ कळतं, समुद्राचं नाही. तुम्ही लाखेनं तोंड बंद करून ठेवलेली हिवाळ्यातल्या चांगल्या पाण्याची बाटली कपाटात होती. म्हणजे ताडून बघायला नमुना होता. हवी होती ती दोन्ही पाण्यांत तरंगेल अशी एखादी वस्तू, अर्धी बुडेल, अर्धी वर राहील आणि तिची मान बारीक असेल. मी घरभर शोधलं. मेणाच्या गोळ्यात खिळा घालून पाहिला, बोरूच्या पोकळ कांडीत वाळू भरून पाहिली. कांडी पाणी प्यायची आणि आडवी पडायची. माजघरात बसून मी हे करत होते, कांडी पुन्हा आडवी पडली तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं सुस्कारा निघाला.

"काय चाललंय?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

मी खोटं बोलले नाही. सगळं सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभी राहून, काळोखाकडे तोंड करून, नळीनं काय कळायचं आणि आता काय हवंय ते सांगत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, एवढं सांगूनही तू ऐकत नाहीस.

पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्यांच्या फणीकरंड्याच्या पेटीचं. मग त्या काहीतरी मुठीत धरून दारापर्यंत आल्या. उजेडात त्यांना इतक्या जवळून मी तुम्ही गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मोकळं कपाळ, मोकळे हात. त्यांनी मूठ उघडली. तुम्ही त्यांना कधीतरी मुंबईहून आणून दिलेली अत्तराची कुपी. बोटभर लांब, बारीक उंच मानेची, काचेच्या बुचाची. तळाला अजून पिवळट थेंब होता.

"ही चालेल का?"

"सासूबाई, ही..."

"मला आता काय करायचीय अत्तराची कुपी." मग कुपी माझ्या हातात देत म्हणाल्या, "धुऊन घे नीट. वास राहिला तर मरतील."

मी ती धुतली, वाळवली. आत चिमूट चिमूट बारीक वाळू घालत गेले, ती उभी तरंगून मान तेवढी वर राहीपर्यंत. मानेत कागदाची बारीक पट्टी सरकवली, बूच मेणानं बंद केलं. तुमच्या बाटलीची लाख फोडली. हिवाळ्यातलं ते पाणी पेल्यात ओतलं आणि कुपी त्यात सोडली. पाणी पट्टीवर जिथे टेकलं ती जागा मी डोळ्यांत धरली, कुपी काढून, बूच उघडून तिथे शाईनं रेघ मारली, आणि पुन्हा बंद करून पुन्हा पाहिलं. हे सगळं पहिल्यांदा फसलं. दुसऱ्यांदा जमलं. मग शेजारच्या पेल्यात माझं पाणी घेतलं. कुपी रेघेच्या बरीच वर उचलली गेली. माझं पाणी जास्त खारट झालं होतं. भांडंभर पावसाचं पाणी घातलं, ढवळलं, पाहिलं. अजून वर. आणखी घातलं. कुपी हळूहळू खाली उतरत रेघेवर येऊन थांबली.

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"जमलं?"

"रेघेवर आलं."

"ते म्हणायचे, असं पाणी होत नाही म्हणून."

"म्हणायचे."

"मग आता काय म्हणतील?"

मी म्हटलं, "म्हणतील, अजून त्यात कोणी जगलेलं नाही."

तुम्ही हेच म्हणाला असतात, आणि ते बरोबरही होतं. पाणी रेघेवर आलं म्हणजे समुद्र झाला असं कोणी म्हणावं? मी ते एकदम ओतलं नाही. रोज सकाळी थोडं जुनं काढलं, थोडं नवं घातलं. तिसऱ्या दिवशी मासा मेला. खोटं सांगून तुम्हाला बरं वाटणार नाही, म्हणून लिहिते. तो आधीच दमला होता की माझ्या पाण्यानं गेला, मला माहीत नाही. पांढरं फूल दगडावरून सुटलं आणि विरघळून गेलं. मी ते काढून टाकलं, पेटी पुसली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा नवं पाणी घातलं. हे म्हणाले, "आता पुरे कर." मी म्हटलं, "लाल फूल अजून धरून आहे." ते मिटलेलंच होतं, पण बोटानं हळूच स्पर्श केला की आकसायचं. आकसतंय म्हणजे जिवंत आहे.

त्या दिवसांत मला माझी मुलगी गेली तेव्हाची सकाळ फार आठवली. त्याविषयी आपण कधीच बोललो नाही. बाळंतिणीच्या खोलीतून मी बाहेर येत नव्हते, जेवत नव्हते. बायका येऊन समजूत घालून जायच्या. तुम्ही काहीच बोलला नाहीत. एका सकाळी दाराशी येऊन खाकरलात आणि म्हणालात, "मुली, काटा बघ. मला दिसत नाही." मला राग आला होता. मनात म्हटलं, ह्यांना मासे सुचतायत. पण उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक, तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या हाकेनं मी उठत गेले. नंतर केव्हातरी माझ्या ध्यानात आलं, की त्या आठवड्यात तुम्ही पाणी बदललंच नव्हतं. काटा रोज त्याच रेघेवर होता आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. हे मला कळलंय, असं तुम्हाला सांगायचं राहिलं. आज सांगते.

शंखातला खेकडा आधी बाहेर आला. वाळूवर दोन पावलं चालला, थांबला, मिशा हलवल्या आणि मग सगळी पेटी फिरून आला. तो चालतोय हे पाहून मला इतका धीर आला की मी त्या दिवशी दुपारचं पोटभर जेवले. लाल फूल मात्र मिटलेलंच. मी रोज पिचकारीनं हवा मारायची, रोज कुपी सोडून बघायची, आणि रोज सासूबाई आतून विचारायच्या, "उघडलं का?" मी म्हणायची, "नाही." ह्यापलीकडे त्या काही विचारायच्या नाहीत, पण विचारायच्या चुकल्या नाहीत.

मग काल सकाळी मी पेटीवरचं फडकं काढलं आणि फूल उघडलेलं होतं. पूर्ण नाही, एका बाजूनं. मधली गाठ अजून घट्ट होती, पण कडेच्या पाकळ्या बाहेर आल्या होत्या आणि पाण्यात हलत होत्या. माझ्या पाण्यात, मामंजी. आगरातल्या मिठाच्या, पावसाच्या, जुलाबाच्या पुडीच्या पाण्यात.

वाद संपला असं मी म्हणत नाही. एक फूल आणि एक खेकडा म्हणजे समुद्र नव्हे. नारळी पौर्णिमेनंतर पारू पाणी आणील, तेव्हा मी एका पेल्यात ते आणि एका पेल्यात माझं, असं दोन्ही तपासणार आहे. ह्यांनी कबूल केलंय की थंडी पडली की मला मुंबईला घेऊन जातील, समुद्रकाठावर. तिथे मी स्वतः बरणी भरणार आहे. पुढच्या पावसाळ्यासाठी आत्तापासून मीठ बाजूला काढलंय. पेटी रिकामी होणार नाही. तुम्ही मानत नव्हतात त्या रीतीनं मी ती जगवणार आहे, आणि तुम्ही जिथे असाल तिथून मला चुकीचं ठरवत राहा. त्याशिवाय मला करमायचं नाही.

आज सकाळी फूल पुरतं उघडलं. मी सासूबाईंना सांगायला वळले तर त्या मागेच उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत. दिवसाढवळ्या. तुम्ही गेल्यापासून त्या आतल्या खोलीच्या इतक्या बाहेर आल्या नव्हत्या. पेटीपुढे तुमचा पाट असतो, त्यावर त्या बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याला भूक लागली असेल."

मी कोळंबीचा तुकडा चिरून आणला. काडी त्यांच्या हातात दिली. "मी?" म्हणाल्या, पण काडी परत केली नाही. पाण्यात हात घालताना त्यांनी पदर सावरला, देवाला फूल वाहताना सावरतात तसा. पाकळ्यांनी तुकडा धरला. त्यांचा हात दचकला, पण त्यांनी काडी सोडली नाही. फूल मिटेपर्यंत धरून राहिल्या.

दुपारी मी हे लिहायला बसले तर त्या जवळ आल्या.

"काय लिहितेस एवढं?"

"मामंजींना लिहितेय. पाण्याचं."

त्या शेजारी बसल्या. मी लिहीत राहिले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझंही एक लिही त्यात."

"काय लिहू?"

"लिही, लाल फुलानं आज खाल्लं." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आणि लिही, मी भरवलं."

"आणखी?"

"एवढंच. बाकीचं मी भेटल्यावर सांगेन."

तेव्हा एवढंच लिहिते.

तुमची,
यशोदा